चटका बसावा, पण कोणी भाजून निघू नये : पत्रकारांनी रंगवलेल्या राजकीय थट्टेच्या रात्री

प्रश्न असा विचारला गेला आहे की, अमेरिकेत पत्रकार स्वतः वेष चढवून रंगमंचावर उभे राहत आणि समोरच बसलेल्या महापौरांची, राज्यपालांची, प्रसंगी राष्ट्राध्यक्षांचीही गाण्यांतून मनमोकळी थट्टा करत, त्या कार्यक्रमांची आठवण जुन्या मंडळींना आजही इतकी का येते, ते मागे का पडले आणि पुन्हा उभे करता येतील का. मी बरीच वर्षे तिथल्या एका राज्याच्या विधिमंडळाचे वार्तांकन केले आणि सहकाऱ्यांबरोबर अशा वार्षिक कार्यक्रमासाठी विडंबनगीतेही लिहिली. त्यामुळे या प्रश्नाकडे मी संहिता लिहिणाऱ्याच्या जागेवरून पाहतो. त्या जागेवरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते : हे कार्यक्रम ओळखीवर उभे होते. ज्याच्यावर गाणे रचायचे त्याला वार्ताहर रोज विधानभवनाच्या मार्गिकेत भेटत असे, आणि कार्यक्रमानंतरच्या सोमवारी पुन्हा त्याच्याच दारात प्रश्न घेऊन उभा राहणार असे. ही रोजची गाठभेट जसजशी विरळ झाली, तसतसे कार्यक्रमही आटत गेले.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध संस्था म्हणजे वॉशिंग्टनचा ग्रिडआयर्न क्लब. तो १८८५ मध्ये स्थापन झाला. त्याचे ब्रीद असे की, चटका बसावा, पण कोणी भाजून निघू नये. सभासदसंख्या मुद्दाम मर्यादित ठेवलेली, वर्षातून एक मोठे भोजन, पुरुषांना पांढऱ्या टायचा औपचारिक पोशाख, सैन्याच्या मरीन वाद्यवृंदाची साथ, आणि प्रचलित गाण्यांच्या चालींवर रचलेली विडंबने. सुरुवातीला दिवे मालवले जातात आणि क्लबचे अध्यक्ष अंधारातच छोटेसे भाषण करतात. मग एका पक्षावरची गाणी आणि त्या पक्षाच्या वक्त्याचे भाषण, त्यानंतर दुसऱ्या पक्षावरची गाणी आणि त्या पक्षाचा वक्ता, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष आले असतील तर त्यांचे भाषण, अशी रचना असते. दोन्ही पक्षांना सारखेच सोलून काढायचे हा नियम दिसायला साधा आहे, परंतु तोच सगळ्या कार्यक्रमाचा पाया आहे, कारण समोरच्या राजकारण्याला आपल्यानंतर प्रतिस्पर्ध्याचीही पाळी येणार आहे याची खात्री असली की तो मोकळेपणाने हसू शकतो. स्थापनेपासून जवळजवळ प्रत्येक राष्ट्राध्यक्ष तिथे कधी ना कधी आलेले आहेत. ग्रोव्हर क्लीव्हलँड हा ठळक अपवाद.

वॉशिंग्टनबाहेरही ही प्रथा पसरली होती, आणि माझ्या मते तिचे खरे बळ तिथेच होते. न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे विधिमंडळ वार्ताहरांची संघटना १९०० पासूनची आहे; तिच्या कार्यक्रमात राज्यपाल आणि आमदारांवर गाणी होतात आणि राज्यपालांच्या बाजूने उत्तर दिले जाते. न्यू यॉर्क शहरातील सिटी हॉलच्या वार्ताहरांनी १९२२ मध्ये ‘इनर सर्कल’ स्थापन केले. फोर्ट वर्थ आणि ओक्लाहोमा सिटीपासून होनोलुलूपर्यंत अनेक गावांतल्या पत्रकारांनी ग्रिडआयर्नचेच नाव घेऊन आपापले कार्यक्रम सुरू केले. बहुतेक ठिकाणी तिकिटांचे पैसे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला किंवा एखाद्या धर्मादाय कामाला जात. वॉशिंग्टनच्या कार्यक्रमाला मोजकी निमंत्रित मंडळी असत. गावच्या कार्यक्रमाला मात्र शाळा मंडळाचे सदस्य, पोलीसप्रमुख, वकील, कंत्राटदार आणि साधे वाचकही तिकीट काढून येत. पाणीपट्टीवरचे कडवे ऐकून ज्या सभागृहात हशा उसळतो, त्या सभागृहातल्या प्रत्येकाने ती पाणीपट्टी भरलेली असते, आणि ज्या सदस्याने ती वाढवली तोही तिसऱ्या रांगेत बसलेला असतो.

आता रचनेविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण या कार्यक्रमांची आठवण काढणारे बहुतेक लोक प्रसिद्ध प्रसंगांबद्दल बोलतात, पण विनोद कसा घडत असे याबद्दल फारसे बोलत नाहीत. पहिली निवड चालीची. चाल अशी हवी की वाद्यवृंदाने दोन सूर वाजवताच सभागृहाने ती ओळखावी, कारण श्रोत्याच्या मनात मूळ शब्द उमटत असतानाच नवा शब्द पडला तरच हसू येते. मूळ गाण्याचे यमक आणि ठेका शक्य तितका राखावा लागतो. ओळ एका मात्रेने लांबली तरी गाणारा हौशी वार्ताहर अडखळतो आणि विनोद वाया जातो. दुसरी निवड विषयाची. राजकारण्याचे जाहीर वर्तन, त्याने फिरवलेला शब्द, रखडलेला पूल, भाषणातली लकब, पुन्हा पुन्हा लांबणीवर टाकलेली घोषणा, एवढेच आमचे रान. त्याचे आजारपण, त्याची मुले, घरातला मृत्यू, शरीराची ठेवण हे बाहेर. हा निव्वळ सौजन्याचा भाग नव्हता. शरीरावरचा विनोद कोणीही करू शकतो. पण एखाद्या समितीच्या अध्यक्षाने तीन बैठकांत तीन वेगवेगळ्या भूमिका घेतल्या हे नेमके ठाऊक असलेला माणूस म्हणजे त्या बैठकांना बसलेला वार्ताहर. विडंबनातली माहितीसुद्धा बातमीइतक्याच काटेकोरपणे तपासली जात असे, कारण चुकीच्या तपशिलावर रचलेला विनोद ज्याच्यावर केला त्याला अन्यायाचा वाटतो, आणि अन्याय झालेला माणूस हसत नाही.

तालमी बातम्या पाठवून झाल्यावर, रात्री उशिरा होत. वेगवेगळ्या, एरवी एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या वृत्तपत्रांची माणसे एकाच पेटीभोवती उभी राहून सूर जुळवत. बहुतेकांना गाता येत नसे, आणि त्याचा उपयोगच होई. अर्थसंकल्पावर दररोज कठोर लिहिणारा ज्येष्ठ वार्ताहर खोटी मिशी लावून बेसूर गाऊ लागला की समोर बसलेल्या राज्यपालांच्या लक्षात येई की, हसे करून घेण्याची तयारी दोन्ही बाजूंनी दाखवली जात आहे. थट्टा करणाऱ्याने स्वतःला आधी उघडे पाडायचे, हा न बोललेला करार होता. भाड्याने आणलेल्या विनोदकाराकडून तो कधीच पाळला जाऊ शकत नाही.

कार्यक्रमाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे राजकारण्याचे उत्तर, आणि मी तर त्यालाच अधिक महत्त्व देतो. उत्तर चांगले असण्यासाठी राजकारण्याला स्वतःवरचा सर्वांत मोठा आरोप ओळखून तो स्वतःच्या तोंडाने म्हणावा लागे. सेनेटर असलेल्या जॉन केनेडी यांनी १९५८ मध्ये ग्रिडआयर्नच्या भोजनात हे अचूक केले. त्यांच्या श्रीमंत वडिलांनी पैशाच्या जोरावर मुलाला पुढे आणले, अशी कुजबूज सगळीकडे होती. केनेडींनी खिशातून वडिलांची म्हणून एक तार काढून वाचली : गरजेपेक्षा एकही मत जास्त विकत घेऊ नकोस, प्रचंड बहुमताचे पैसे मी मुळीच भरणार नाही. आरोप नाहीसा झाला नाही, परंतु त्यानंतर तो कुजबुजण्याची गंमत मात्र राहिली नाही.

तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांचा मार्च १९८२ मधला प्रसंग तर रचनेच्या दृष्टीने आदर्श मानावा असा आहे. महागडे कपडे आणि व्हाइट हाउससाठी आलेली २ लाख डॉलरांहून अधिक किमतीची चिनी मातीची भांडी यांवरून त्यांच्यावर वर्षभर टीका होत होती. भांड्यांचा खर्च खासगी देणगीतून झाला होता, पण देश मंदीत असल्यामुळे ते कोणी ऐकून घेत नव्हते. क्लबच्या मंडळींनी जुन्या कपड्यांविषयीच्या एका लोकप्रिय गाण्यावर त्यांचे विडंबन गायले. ते संपता संपता त्या मुख्य टेबलावरून उठून गेल्या आणि त्या रागावल्या असे अनेकांना वाटले. काही क्षणांत त्या रंगमंचावर अवतरल्या ते जोडून-जोडून केलेले, विजोड, फाटकेतुटके कपडे आणि पिसांची टोपी घालून, आणि त्याच चालीवर स्वतःवरचे गाणे गायल्या. शेवटी त्यांनी नव्या भांड्यांसारखी रंगवलेली एक बशी जमिनीवर आपटली. सभागृह उभे राहिले आणि त्यांना ते पुन्हा गावे लागले. वॉशिंग्टनच्या पत्रकारांचा त्यांच्याकडे पाहण्याचा सूर त्या रात्रीनंतर बदलला, असे त्या काळाविषयी लिहिणारे जवळजवळ सगळेच नोंदवतात. एका गाण्याने असे घडावे हे योग्य होते का, हा प्रश्न मला पडतो, आणि पुढे मी त्याकडे येतो.

न्यू यॉर्कमध्ये उत्तराची ही कला नाट्यप्रयोगापर्यंत पोचली. महापौर जॉन लिंडसे यांनी १९६६ मध्ये इनर सर्कलच्या रंगमंचावर नाचून-गाऊन उत्तर दिले, आणि पुढच्या महापौरांना तोच पायंडा पाळावा लागला. रुडी जुलियानी १९९७ मध्ये स्त्रीवेषात आले. मायकेल ब्लूमबर्ग ब्रॉडवेवरच्या चालू नाटकांतील कलावंतांना सोबत घेत. इथे एक तोल बिघडत गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यावसायिक नट, दिग्दर्शक आणि नेपथ्य घेऊन दिलेल्या उत्तरापुढे वार्ताहरांची हौशी गाणी फिकी दिसू लागली आणि रात्रीचा मानकरी महापौरच ठरू लागला.

सगळीच उत्तरे खेळीमेळीची नव्हती. डिसेंबर १९३४ मध्ये एच. एल. मेंकेन या नामवंत पत्रकारांनी ग्रिडआयर्नमध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना काही चिमटे काढले. रूझवेल्ट हसत उठले आणि त्यांनी अमेरिकी पत्रकारांच्या अज्ञानावर व मूर्खपणावर विलक्षण कठोर शब्दांत बोलायला सुरुवात केली. श्रोते अस्वस्थ झाले, आणि मग हळूहळू लक्षात आले की राष्ट्राध्यक्ष मेंकेन यांचाच जुना लेख शब्दशः वाचून दाखवत आहेत. मेंकेन यांना तो अपमान फार लागला. तरीही मला हे उत्तर नियमात बसणारे वाटते, कारण त्यात प्रतिस्पर्ध्याच्या जाहीर शब्दांखेरीज दुसरे काहीच वापरलेले नव्हते. त्याउलट जानेवारी १९०७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि सेनेटर जोसेफ फोरेकर यांच्यात त्याच क्लबच्या भोजनात जे झाले त्याला थट्टा म्हणता येत नाही. टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथील गोळीबारावरून रूझवेल्ट यांनी १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना खटल्याशिवाय सैन्यातून काढून टाकले होते आणि फोरेकर त्या सैनिकांची बाजू मांडत होते. कार्यक्रमाच्या पुस्तिकेतील विनोदी ओळींचे निमित्त होऊन राष्ट्राध्यक्ष भर सभेत संतापले, फोरेकर यांनीही तितक्याच ठामपणे उत्तर दिले, आणि तिथले काही छापायचे नाही हा नियम असूनही दोघांच्या भांडणाची बातमी वृत्तपत्रांत पोचली. सैन्याने त्या सैनिकांवरचा तो निर्णय १९७२ मध्ये रद्द केला. ज्या विषयात माणसांचे आयुष्य नुकतेच उद्ध्वस्त झाले आहे, तो विषय गाण्याच्या पुस्तिकेत आलाच कसा, हा प्रश्न १९०७ च्या आयोजकांना कोणीतरी विचारायला हवा होता.

या कार्यक्रमांची हळहळ वाटणाऱ्यांनी हा भाग वगळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मार्च १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू ग्रिडआयर्नच्या रंगमंचावर दोन पियानोंवर बसले. निक्सन आधीच्या राष्ट्राध्यक्षांच्या आवडीच्या चाली सुरू करत आणि ॲग्न्यू प्रत्येक वेळी मध्येच ‘डिक्सी’ ही दक्षिणेतील राज्यांची जुनी चाल वाजवून त्या बुडवत. गोऱ्या दाक्षिणात्य मतदारांना जवळ करण्याच्या त्यांच्या धोरणावरचा तो विनोद होता, आणि सभागृह पोट धरून हसले. त्या रात्री निमंत्रित असलेले रॉजर विल्किन्स हे कृष्णवर्णीय लेखक त्या जवळजवळ संपूर्ण गोऱ्या पुरुषांच्या सभेत बसून काय वाटले ते नंतर वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहून गेले. आपल्या हक्कांवर पाणी सोडले जात आहे आणि सत्ताधारी व त्यांच्यावर नजर ठेवणारे दोघे मिळून त्यावर हसत आहेत, हे पाहणाऱ्याला त्या हशाचा अर्थ वेगळाच लागतो. क्लबचे पहिले कृष्णवर्णीय सभासद कार्ल रोवन १९७२ मध्ये झाले आणि पहिली स्त्री सभासद, हेलेन थॉमस, १९७५ मध्ये. त्याआधी कित्येक दशके स्त्री पत्रकारांना पाहुण्या म्हणूनसुद्धा बोलावले जात नसे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर १९३० च्या दशकात त्याच रात्री व्हाइट हाउसमध्ये स्त्रियांसाठी वेगळा मेळावा भरवत, आणि १९७० च्या दशकात स्त्री पत्रकारांनी भोजनाविरुद्ध निदर्शने केली. न्यू यॉर्कमध्ये एप्रिल १९७२ मध्ये इनर सर्कलच्या भोजनात समलिंगी हक्कांसाठी पत्रके वाटायला आलेल्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. ज्यांना सभागृहात जागाच नव्हती त्यांची थट्टा त्यांच्या पाठीमागे होत होती, आणि अशा थट्टेला उत्तर देण्याची सोय रचनेतच नव्हती. मी वर ज्याला कार्यक्रमाचा अर्धा भाग म्हटले, तो भागच त्यांना मिळाला नाही.

आता हे कार्यक्रम का मागे पडले याकडे वळतो. लोक हल्ली फार लवकर दुखावतात, असे कारण पुष्कळदा दिले जाते. मला ते पटत नाही. पहिले आणि मोठे कारण मनुष्यबळाचे आहे. अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ मध्ये सुमारे ७१ हजार माणसे होती. २०२० पर्यंत ती सुमारे ३१ हजारांवर आली. राज्यांच्या विधानभवनांत पूर्णवेळ बसणारे वृत्तपत्रांचे वार्ताहर २००३ ते २०१४ या काळात सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. ज्या पत्रकार कक्षातून एकेकाळी गायकवृंद उभा राहत असे तिथे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे आहेत, आणि त्यांच्यावर दिवसभर चित्रफिती, संदेश आणि बातम्या अशा तिन्ही कामांचा भार आहे. आठवडेच्या आठवडे तालमी करायला माणसेच उरलेली नाहीत. राजकारणीही बदलला आहे : तो मतदारांशी थेट पडद्यावरून बोलतो, त्याला मार्गिकेत उभ्या असलेल्या वार्ताहराची पूर्वीइतकी गरज नाही, त्यामुळे त्याच्या थट्टेला सामोरे जाण्याचेही त्याला फारसे कारण उरलेले नाही.

दुसरे कारण म्हणजे कॅमेरा. व्हाइट हाउस वार्ताहरांची संघटना १९१४ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले भोजन १९२१ मध्ये झाले आणि १९२४ मध्ये कूलिज हे त्याला उपस्थित राहणारे पहिले राष्ट्राध्यक्ष ठरले. तिथे कालांतराने व्यावसायिक विनोदकाराला बोलावण्याची पद्धत रुळली आणि भोजन दूरचित्रवाणीवर दिसू लागले. विनोदकाराचा श्रोता त्या दालनाबाहेर, देशभर असतो, आणि त्याला उद्या त्या राजकारण्याला भेटायचे नसते. स्टीफन कोल्बर्ट यांचे २००६ मधले आणि मिशेल वुल्फ यांचे २०१८ मधले भाषण धारदार होते. त्या धारेबद्दल माझी तक्रार नाही, परंतु तो वेगळा प्रकार आहे. २०१८ च्या वादानंतर संघटनेने पुढच्या वर्षी विनोदकाराऐवजी रॉन चेर्नो या इतिहासकारांना बोलावले, आणि २०२५ मध्ये ठरलेला विनोदकाराचा कार्यक्रम रद्द केला. पत्रकारांनी थट्टा दुसऱ्याकडे सोपवली, त्यामुळे तिची जबाबदारी घेणेही त्यांना अवघड झाले.

तिसरे कारण सचोटीचे आहे आणि ते मी हलके लेखत नाही. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याबरोबर वर्षातून एकदा नटूनथटून जेवायचे, हे वाचकाला खटकते. न्यू यॉर्क टाइम्सने व्हाइट हाउस वार्ताहरांच्या भोजनाला आपली माणसे पाठवणे थांबवले ते याच विचाराने. नॅन्सी रेगन यांच्या गाण्याविषयी मला पडलेला प्रश्न इथेच येतो. एका प्रसन्न सादरीकरणामुळे वार्तांकनाचा सूर बदलत असेल, तर कार्यक्रमाने पत्रकाराकडून काहीतरी काढून घेतले असे म्हणावे लागते. माझ्या अनुभवात सोमवारी सकाळी तोच प्रश्न, तितक्याच कठोरपणे विचारता येत होता, आणि ज्याला तो विचारता येणार नाही असे वाटे त्याने रंगमंचावर येऊ नये असा आमचा संकेत होता. पण हा संकेत वाचकाला दिसत नव्हता, आणि न दिसणाऱ्या सचोटीवर वाचकाने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हते.

तर मग हे पुन्हा करता येईल का? राजधानीत मला अवघड वाटते. गावात आणि राज्याच्या पातळीवर नक्कीच शक्य आहे, आणि काही ठिकाणी ते आजही चालू आहे. कोणी नव्याने सुरुवात करणार असेल तर माझा सल्ला असा. कार्यक्रम पूर्णपणे खुला ठेवावा, तिकीट कोणालाही मिळावे आणि तिथे झालेले सगळे छापता यावे. प्रेक्षागृह गुप्ततेच्या अटीवर भरले तर पहिल्याच आठवड्यात विश्वास जातो. टेबले कंपन्यांना आणि प्रभावगटांना विकू नयेत, कारण मग वार्ताहर आणि राजकारणी दोघेही तिसऱ्याच यजमानाचे पाहुणे होतात. जमलेला पैसा शिष्यवृत्तीला द्यावा आणि हिशेब प्रसिद्ध करावा. विनोदकार भाड्याने आणू नये. राजकारण्यालाही अट घालावी की उत्तर त्याने स्वतः द्यायचे, हौशी साधनांनी, वार्ताहरांना जेवढा वेळ मिळाला तेवढ्याच वेळात. संहितेचे वाचन अशा दोन-तीन माणसांसमोर करावे जी त्या विषयाच्या झळा प्रत्यक्ष सोसणारी आहेत. न्यू यॉर्कच्या महापौरांनी २०१६ मध्ये इनर सर्कलमध्ये केलेला कृष्णवर्णीयांच्या वक्तशीरपणाविषयीचा विनोद अशा एका वाचनातच गाळला गेला असता.

आणि दोन वर्तमानपत्रे, एक नभोवाणी केंद्र व एक संकेतस्थळ एवढेच गावात उरले असेल तरी चालेल. सहा माणसे, एक पेटीवादक, सगळ्यांना माहीत असलेल्या आठ चाली आणि नगर परिषदेच्या वर्षभराच्या इतिवृत्तांचे गठ्ठे एवढ्यावर तासाभराचा कार्यक्रम उभा राहतो. सुरुवात इतिवृत्तांपासून करावी, चाली नंतर शोधाव्यात. कोणत्या सदस्याने कोणत्या ठरावावर काय म्हटले होते हे समोर ठेवून बसले की पहिले कडवे बहुधा तिथेच लिहिलेले सापडते.